थंडोपंत

प्रत्येक सोसायटीत एक थंडोपंत असतात. पुण्यातल्या एका सोसायटीतले निवृत्त आहेत. नोकरीतही निवृत्तच होते, असं त्यांचे सहकारी सांगतात.

परवा गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. जिन्यातून धबधबा, बायका बादल्या घेऊन पळताहेत, सेक्रेटरी प्लंबरला फोन लावताहेत. पंतांनी पेपरची घडी घातली, चष्मा पुसला. डावी चप्पल सापडेना, म्हणून घरात विचारलं. मग खाली जाऊन पंपाचं बटण बंद केलं. ते तोवर कुणालाच सुचलं नव्हतं! सकाळी "काय थंड माणूस!" म्हणून कपाळाला हात लावणारेच संध्याकाळी "थंड डोक्याचा माणूस" म्हणू लागले. मधल्या एका डोक्यानं शिवीची शाबासकी झाली. बायकोचं मत मात्र ढळलं नाही. तिच्या मते थंडपणा नुसता डोक्यात नाही, नखशिखान्त आहे.

तसा हा शब्द थर्मामीटरला विचारून कधीच चालत नाही. वाफाळतं दूध प्रकृतीला थंड आणि फ्रिजमधून काढलेला हापूस गरम, हे आजीला विचारा. भर मे महिन्यात घामाघूम उमेदवाराला मतदारांचा प्रतिसाद थंड. सरकारी फाइल तर बाराही महिने थंड बस्त्यात.

गंमत म्हणजे खरी थंडी पंतांना मुळीच सोसत नाही. पारा पंधरावर आला की कानटोपी, मफलर, स्वेटरवर स्वेटर. "लाट आली!" हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जावं लागतं, शिवाय सहसा सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश उतरावं लागतं. तेव्हा कुठे ती लाट. "खात्यातल्या लोकांचे गुडघे दुखत नसावेत," पंत म्हणतात.

त्यात सासुरवाडी निफाडची. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा नीचांक दर हिवाळ्यात पेपरात झळकतो. गव्हाला ही थंडी मानवते, पण पिकत आलेल्या द्राक्षांचे मणी तडकतात. मग बागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात. गेल्या जानेवारीत पंत नेमके तिथे मुक्कामी. पहाटे चारला मेहुण्यानं हाक मारली, "दाजी, बागेत चाललो!" आणि जन्मात न धावलेले दाजी दुलईसकट सगळ्यांच्या आधी बागेत पोचले. पहिल्या शेकोटीला अगदी चिकटून बसले.

"जावयाला बागेची केवढी काळजी!" सासऱ्यांना गहिवरून आलं.