जलंबमार्गे वाखेनिंगेन

खामगावहून परदेशी जाताना सगळ्यात अवघड टप्पा म्हणजे जलंब. अंतर 13 किलोमीटर. पुढचे सातेक हजार किलोमीटर विमान सांभाळतं, आपण फक्त पट्टा बांधून बसायचं. या तेरांत मात्र अख्खी भावकी पोचवायला येते.

खामगाव-जलंब हा रेल्वेचा फाटा 1870 साली घातला तो माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. खामगावच्या बाजारातली रुई जलंबला मोठ्या लाइनीला लावायची आणि मुंबईच्या बंदरातून विलायतेला धाडायची. दीडशे वर्षांनी त्याच वाटेनं मी निघालो. माझ्यात आणि कापसाच्या गाठीत फरक एवढाच, की गाठीला बँकेचं कर्ज काढावं लागलं नव्हतं.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो होतो. आता नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला मृदाशास्त्र शिकायचं होतं. आजीला त्या नावातला वाघ तेवढा ऐकू आला. "वाघाच्या गावात काऊन चालला रे बाप्पा?"

निरोपाला गावातले गुरुजी बोलायला उभे राहिले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे इंग्रजांविरुद्ध क्रांती करता करता अमेरिकेत शेतीशास्त्र कसे शिकले, पुढे मेक्सिकोत जाऊन मक्यावर संशोधन कसं केलं आणि दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकारानं त्यांना भित्तिचित्रात कसं रंगवलं, हे सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तूही असाच भिंतीवर जा!"

सभेत शांतता. आमच्याकडे भिंतीवर जो जातो, तो हार घालूनच जातो. आजी कडाडली, "भिंतीवर काऊन? पोट्टं जित्तं राहू द्या!"

बॅगेत 23 किलोंची मर्यादा होती. जवसाची चटणी, ठेचा, पापड मिळून ती आईनं एकटीनंच गाठली. तरी बाबांनी कोपऱ्यात एक पुडी खुपसली. "वावरातली माती हाय. मास्तरायले दाखव."

डोंबिवलीला मावशीकडे नियम वाचले तेव्हा कळलं, की भारतातून तिकडे माती न्यायला बंदी आहे. पुडी मावशीच्या तुळशीत रिकामी केली. आमचं वावर परदेशी निघालं आणि डोंबिवलीतच राहिलं.

ॲमस्टरडॅमचा स्खिपोल विमानतळ समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे. तिथे मोठं तळं होतं. वाफेच्या पंपांनी ते उपसून 1852 मध्ये कोरडं केलं. आपण पाणी वर आणायला पंप लावतो, हे लोक बाहेर फेकायला लावतात. फोनवर हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इकडं फेका म्हना."

स्खिपोलहून आगगाडीत बसलो आणि एडला उतरलो. वाखेनिंगेन रेल्वेवर नाही. एडला उतरून बस धरायची. सात हजार किलोमीटर आलो तो पुन्हा जलंबलाच! एकदम घरच्यासारखं वाटलं.

डच लोक 'ग' लिहितात आणि घसा खरवडून 'ख' म्हणतात. वर्गातले बाकीचे परदेशी 'कामगाव, कामगाव' करत. डच मुलं मात्र पहिल्याच फटक्यात खणखणीत 'खामखाव' म्हणाली. गावाचा अर्धा भाग तरी शाबूत राहिला.

सायकलला उलटं पॅडल मारलं की ब्रेक लागतो, हे मला एका कुंपणानं शिकवलं. गावाशेजारी एक 'बर्ग' आहे. बर्ग म्हणजे पर्वत. मी पाणी, बिस्किटं घेऊन निघालो आणि पर्वत कधी संपला ते कळलंच नाही. आमच्याकडे याला टेकाड म्हणतात आणि त्यावर बकऱ्या चारतात.

देश विदर्भाच्या निम्म्याहून लहान, पण शेतमालाच्या निर्यातीत जगात पहिल्या रांगेत. हे गौडबंगाल बघायला आमची सहल काचघरात गेली. टोमॅटोचे वेल माझ्या दुप्पट उंच आणि मुळं दगड वितळवून केलेल्या लोकरीच्या गादीत. मातीचा कण नाही.

"मातीच नाही?" बाबांनी विचारलं. "मंग तू मातीचं शिकायले तिथी काऊन गेला?"

कर्जाचे हप्ते डोळ्यांपुढे नाचत असताना या प्रश्नाला उत्तर सुचत नाही.

उत्तर मिळालं ते वाखेनिंगेनच्याच मृदा संग्रहालयात. माती आणू न देणाऱ्या देशात मातीचं संग्रहालय! देशोदेशीच्या जमिनींचे माणूसभर उंचीचे उभे काप, चिकटवून पक्के केलेले, भिंतीला ओळीनं लावलेत. लाल, पिवळी, राखाडी माती बघत पुढे गेलो आणि पाय थबकले. काळी, चिकण, तडकलेली. पाटीवर नाव 'व्हर्टिसोल'. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आमच्या वावरात मे महिन्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आणि त्याच भेगेत माझा एक चेंडू अजून आहे.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "हे त आपलंच वावर हाय!"

"आपलं नाही बाबा, त्या जातीची माती आहे."

"मले शिकवतो का? पाऊस येते का तिथी?"

"छपराखाली आहे."

"बोंडअळी?"

"नाही."

"सातबाऱ्यावर बोजा?"

"सातबाराच नाही."

"मंग मजा हाय त्याची," बाबा म्हणाले. "गुरुजीले सांगतो. तू नाही त नाही, वावर त भिंतीवर गेलं."

मागून आजीचा आवाज आला, "हार घालू नोका म्हना! जित्तं हाय ते!"