आमच्याकडे येत नाही

आमचे अण्णाकाका टँपाला राहतात. मूळचे मालवणचे, त्यामुळे समुद्राचं आपल्याला सगळं कळतं ही समजूत जन्मजात. फ्लोरिडात नव्यानं आलेल्या मराठी माणसानं घर कुठे घ्यावं, हे ते स्थळ सुचवावं तसं सांगतात. "मायामी? देखणी आहे, पण मंगळ कडक. 1992 साली अँड्र्यू वादळानं शेजारच्या होमस्टेडचं काय केलं ते विचार. जॅक्सनव्हिल? तिथे किनारा आत वळलाय, वादळं बाहेरच्या बाहेर निघून जातात. 1964 ची डोरा सोडली तर कोणी सरळ घरात शिरलं नाही. पण थंडी! पॅनहँडलचं तर नावच काढू नकोस. 2018, मायकेल, श्रेणी पाच." नकाशावर फिरलेलं बोट शेवटी टँपाच्या खाडीवर टेकतं. "आमच्याकडे येत नाही."

पुरावा भक्कम. 1921 नंतर या खाडीला मोठ्या चक्रीवादळाचा थेट तडाखा बसलेला नाही. त्यातली पंचाहत्तर वर्षं काका तिथे नव्हते, पण श्रेय घेताना ती ते वजा करत नाहीत. 2004 मध्ये चार्ली टँपाचा रोख धरून आलं आणि आयत्या वेळी पुंता गोर्डाकडे वळलं. 2022 मध्ये इयननं तेच केलं. फोर्ट मायर्स बुडालं आणि इथलं पाणी उलट ओढून नेलं. काका उघड्या पडलेल्या चिखलात चपला घालून फिरून आले. फोर्ट मायर्सबद्दल त्यांना वाईट वाटलं. शेजाऱ्याच्या मुलाला मार्क कमी पडल्यावर वाटतं, तितपत.

टोकोबागा आदिवासींनी रचलेले मातीचे उंचवटे शहराला राखतात, अशी तिथली लोकसमजूत आहे. अमेरिकन मंडळी ती हसत हसत सांगतात. काका हसत नाहीत. राखणदार म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. वादळांचा मोसम 1 जूनला लागतो. त्या सकाळी इंडियन स्टोअरमधला नारळ ठेवून ते गाऱ्हाणं घालतात : "वादळ इलाच तर खालच्या अंगाक वळव रे म्हाराजा!" खालच्या अंगाला सारासोटा आहे आणि तिथे काकूंची धाकटी बहीण राहते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

मी एकदा वाद घालून पाहिला. "काका, तुमच्याकडे आखाताचा तळ मैलोन्‌मैल उथळ आहे. वाऱ्यानं ढकललेल्या पाण्याला खाली जायला जागा नाही, ते वर चढतं. आमच्या पूर्व किनाऱ्याला समुद्र लगेच खोल होतो."

"अरे, पण वादळ आलं तर ना!"

सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन आलं. म्हणजे आलं नाहीच. शंभरेक मैलांवरून समुद्रातून वर गेलं आणि थेट बिग बेंडला किनाऱ्यावर चढलं. काकांच्या गॅरेजमध्ये मात्र कमरेइतकं पाणी! दोन गाड्या गेल्या, काकूंचा चकलीचा सोऱ्या गेला.

"वादळ आलंच नाही," काका म्हणाले. "नुसतं पाणी आलं."

विमा कंपनीचंही अगदी हेच म्हणणं पडलं. घराच्या विम्यात पूर येत नाही, त्याचा वेगळा काढावा लागतो.

दोनच आठवड्यांत मिल्टन निघालं. घर सोडण्याचा हुकूम आला, तेव्हा काकू गाडीत आधी जाऊन बसल्या. दोघं पोर्ट सेंट लुसीला माझ्याकडे आले, पूर्व किनाऱ्यावर, वादळापासून लांब. आणि संध्याकाळी आमच्याच काउंटीत टोर्नेडो उतरले. (सहा माणसं गेली, हे नंतर कळलं.) बिनखिडकीच्या बाथरूममध्ये आम्ही चौघं; काका टबात, डोक्यावर उशी.

साडेआठला मिल्टन सारासोटाजवळ जमिनीवर चढलं. टँपाच्या खाडीतलं पाणी पुन्हा बाहेर ओढलं गेलं. काकांनी टबातून मोबाइल उंचावला. "बघ! वळला की नाही खालच्या अंगाक?"

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. दोन मिनिटं त्यांनी नुसतं ऐकून घेतलं, मग फोन टबाकडे पुढे केला.

"धाकटी आहे. सगळी सुखरूप आहेत, छप्पर गेलंय. नारळ केवढ्याला पडला, विचारतेय."