इंग्रजी वाक्प्रचारांची व्युत्पत्ती ठोकून कशी द्यावी?

चारचौघांत विद्वान ठरायचे असेल, तर इंग्रजी वाक्प्रचारांच्या जन्मकथा सांगाव्यात. भांडवल लागत नाही. नियम पाळले की झाले.

१. कथेत मढे असावे. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ हा बॉक्सिंगमधला. मार खाऊन आडवा व्हायला आलेला गडी फेरी संपल्याच्या घंटेने वाचतो, एवढेच. यात कोणाचे मन रमणार? त्यापेक्षा चुकून जिवंत पुरलेला माणूस, बोटाला बांधलेली दोरी, थडग्यावरची घंटा आणि रात्रभर कान लावून बसलेला पहारेकरी उभा करावा. घंटेच्या शवपेट्यांची पेटंटे एकोणिसाव्या शतकात खरोखरच निघाली होती. थापेला एवढा टेकू पुरतो.

२. बोट आणावी, मुंबईची असल्यास उत्तम. ‘पॉश’ हा तर नुसता शब्द, पण चालवून घ्यावा. पी अँड ओच्या बोटीने हिंदुस्थानात येताना धनिक साहेब डावीकडची केबिन घेत, परतताना उजवीकडची, कारण सावली त्या बाजूला. म्हणून तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे! असे एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. कोणी ते मागण्याआधी तांबड्या समुद्रातल्या उकाड्याचे वर्णन सुरू करावे.

३. नाव खरे घ्यावे, बाकी आपले. बायकोला अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने मारायला हरकत नाही, असे १७८२ साली न्यायमूर्ती फ्रान्सिस बुलर म्हणाले आणि ‘रूल ऑफ थम्ब’ जन्मला, असे ठणकावून सांगावे. काठ्यांचे भारे घेतलेल्या बुलरचे गिलरेने काढलेले व्यंगचित्र आहेच. तसा निकाल मात्र कुठे मिळत नाही, आणि वाक्प्रचार तर सतराव्या शतकातच छापून आलेला. हे दोन मुद्दे गिळावेत.

४. शतक सांगावे, साल टाळावे. ‘सोळाव्या शतकात गवती छपरांवर झोपलेली कुत्री-मांजरे पावसात घसरून पडत, म्हणून रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.’ ही कथा १९९९ साली ई-मेलमधून जगभर फिरली. कुत्रे छपरावर चढले कसे, असे एखादा कोकणी माणूस विचारेल. त्याला चहा पाजावा.

५. कोणी पुरावाच मागितला, तर ‘ऑक्सफर्डच्या कोशात आहे’ म्हणावे. १९८९ची आवृत्ती वीस खंडांची आहे. शोधू द्यावे.