बेंडूक भाजला म्हणे!

आठवडी बाजारात मेथीची जुडी उलटसुलट करून पाहत होते. भाजीवाल्या मावशींनी वर दोन काड्या सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकला आणि आवाज एकदम खाली आणला.

"बाई, तुमच्या घरी बेंडूक भाजला म्हणे?"

"काय?"

"आता मी काई म्हनत नाही. गाव म्हनते."

बार्शीटाकळीत विद्रूपेच्या पात्राला पाणी असो की नसो, बातमीला मात्र बारा महिने ओढ असते. मी मेथी तशीच पिशवीत कोंबली आणि घरी आले. सरळ मागच्या भिंतीपाशी गेले, कारण हे कुठून निघालं असेल ते मला पक्कं ठाऊक होतं.

आमची आणि काकूंची मागची भिंत छातीएवढी. तिच्यातली वरची एक वीट कधीची निखळलीय आणि ती कोणी बसवतही नाही, कारण वाट्या तिथूनच इकडून तिकडं जातात. काकूंचं घर माळकरी. अंडं तर सोडाच, मी अंड्याची टरफलं माझ्याच गुलाबाच्या कुंडीत टाकली तरी त्या पदर नाकाला लावतात. आमच्याकडं सारं चालतं. त्यामुळं त्या खोबणीतून तिकडची वाटी इकडं येते ती भाजीची, आणि इकडून तिकडं जाताना फार तर लिंबं, गूळ, नाहीतर शेंगा.

"काकू, बेंडकाचं काय सांगतलं वो तुम्ही गावात?"

"म्या? म्या कोनाले कायले सांगू? म्या त फक्त चक्कीवर बोलली."

झालं. चक्की म्हणजे आमच्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र.

आता मूळ गोष्ट. काकूंची लेक जावयांच्या नोकरीपायी लीड्सला असते. लीड्स यॉर्कशायरात. दर रविवारी आपल्याकडं संध्याकाळचे सहा वाजले की तिचा फोन येतो, तेव्हा हिवाळ्यात तिच्याकडं दुपारचे साडेबारा झालेले असतात. काकू अंगणात उभ्या राहून, फोन हातभर लांब धरून बोलतात, म्हणजे तीन घरं ऐकतात. मागच्या महिन्यात असाच फोन ठेवून त्या भिंतीशी आल्या.

"पोरीनं आज पुडिंग केलं म्हने. खारं!"

पुडिंग आणि खारं? माझ्या डोळ्यापुढं कस्टर्ड पावडरचा डबा आणि चेरीचा लाल तुकडा.

"हो न वो! मैदा, दूध, मीठ आन् ते..." काकूंनी अंड्याचं नाव घेतलं नाही. बोटानं हवेत एक लांबट गोल काढला.

ते यॉर्कशायर पुडिंग. तिच्या शेजारच्या गोऱ्या आजीबाईंनी तिला शिकवलं, तेही कुंपणावरूनच, हे ऐकून मला बरं वाटलं. त्याच पिठात सॉसेज ठेवून मोठ्या तव्यात भाजलं की त्याला तिकडं 'टोड इन द होल' म्हणतात, बिळातला बेडूक! पिठातून सॉसेजचं टोक वर डोकावतं म्हणून ते नाव पडलं असावं. बेडकाचा त्यात पाय सुद्धा नसतो. पण फोनवर लेकीनं हसत हसत नाव सांगितलं, काकूंनी ते चक्कीवर नेलं, आणि मी पुढच्याच रविवारी भट्टी पेटवली. गावानं दोन्ही जोडून घेतलं.

भट्टी म्हणजे माझा दिवाळीच्या नानकटाईसाठी घेतलेला छोटा ओव्हन. उन्हाळ्यात अकोल्याकडं अंगणच ओव्हन असतं, त्याला कोणी हात लावत नाही. पण डिसेंबर होता, म्हटलं करू या. कृती माझ्या ओट्यावर, सूत्रं भिंतीपलीकडं. काकू हातात फोन धरून लीड्सचं बोलणं मला पोचवत होत्या.

"एक वाटी मैदा, एक वाटी दूध, एक वाटी थे." पुन्हा हवेत गोल. "मीठ. फेटून अर्धा घंटा ठेवून दे."

साच्याचं भांडं आपल्याकडं कुठलं? मी सहा स्टीलच्या वाट्या घेतल्या. आणि मग हातानं सवयीनं जे करायचं ते केलं, चिमूटभर सोडा घातला. पंचवीस मिनिटांनी बाहेर आलं ते बेकरीतल्या कपकेकसारखं, गप्प, गुबगुबीत. वाटीच्या काठाबाहेर डोकं काढायचं नाव नाही.

"सोडा कोनी सांगतला होता?" काकूंनी लीड्सचा प्रश्न विचारला, वर आपला एक जोडला. "आपल्या पुरीत घालते का तू सोडा?"

आणि तिथंच माझी ट्यूब पेटली. हे सगळं पुरीचं शास्त्र आहे. पुरी गार तेलात टाकली की तळाशी लोळते, तेल पिते. कडक तेलात टाकली की तिच्या पोटातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा वर उचलला जातो. इथंही वाटीत चमचाभर तेल घालून ती वाटी आधी भट्टीत तापवायची, चांगली दोनशेवीस अंशांवर, तेलाचा धूर निघू लागेपर्यंत. मग त्यात पातळ पीठ ओतायचं. चर्र असा आवाज यायलाच पाहिजे. कडा तिथल्या तिथं धरतात, मधलं पाणी वाफ होऊन वर ढकलतं, आणि अंड्यामुळं ते फुगलेलं तसंच घट्ट होतं. फुगवणारी वाफ, सोडा नाही. मी सरकीचं तेल घेतलं. कापसाच्या गावात दुसरं कशाला?

दुसऱ्या खेपेला चर्र झालं. काचेतून पाहिलं तर कडा वर चढत होत्या, एक तर तिरकी होऊन शेजारणीच्या वाटीवर रेलली होती. काकू भिंतीवरून विचारतायत, "फुगलं का? फुगलं का?" आणि बाराव्या मिनिटाला लाइन गेली. मी घाईनं दार उघडलं. माझ्यादेखत सहाच्या सहा खाली बसल्या, फुग्यातून हवा जावी तशा. वाफ निघून गेली आणि घट्ट व्हायला अजून वेळ होता. खाऊन पाहिलं, चामडं.

"दार काहून उघडलं?" काकू खरंच चिडल्या. "सत्यनारायनाची कथा अर्धी सोडून उठते का कोनी?"

तिसऱ्या रविवारी लाइन राहिली. वीस मिनिटं दाराला हात लावला नाही. निघाल्या त्या तपकिरी, कुरकुरीत, मधे खोलगट, कडा उंच. लेकीनं सांगितलं होतं की ब्रिटनमधल्या रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेनं, रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं, 2008 मध्ये जाहीर केलंय की चार इंचापेक्षा बुटकं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. मी पट्टी लावली. तीन इंच. काकूंनी लांबूनच पाहून निकाल दिला, "पास कर. ग्रेस मार्क दे."

मग आली खरी अडचण. काकू चाखणार नाहीत आणि चव मात्र त्यांना हवी.

"कसं लागते वो?"

"वरून पुरीचा पापुद्रा. आतून..." ऑम्लेट म्हणणार होते, पण त्यांना ऑम्लेटची काय कल्पना? "आतून ओलसर धिरडं."

"गोड?"

"नाही."

"आंबट?"

"नाही."

"मंग लागते तरी कायचं?"

खरं सांगू? कशाचंच नाही. त्याला आपली चव नसतेच, आणि तिथंच गंमत आहे. पूर्वी तिकडं मांसाचा तुकडा शेगडीपुढं गजावर फिरत असे आणि खाली ठेवलेल्या तव्यात चरबी ठिबके. त्याच तव्यात हे पीठ ओतायचं. 1737 मधल्या एका पुस्तकात याची कृती 'ड्रिपिंग पुडिंग' म्हणून आहे, म्हणजे ठिबक-पुडिंग म्हणा. दहा वर्षांनी, 1747 मध्ये, हॅना ग्लास या बाईनं आपल्या पाककृतींच्या पुस्तकात त्याला यॉर्कशायरचं नाव दिलं. तिचं स्वतःचं नाव मात्र त्या पुस्तकावर नव्हतं. नुसतं 'एका बाईकडून'. आणि आधीच्या पुस्तकाचं शीर्षक मराठीत सांगायचं तर 'बाईचं समस्त कर्तव्य'. हे सांगितल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या.

"बाप्याच्या कर्तव्याचं बी निघालं असन न एखांदं पुस्तक?"

मी म्हटलं, पाहून सांगते.

आता खाण्याची रीत. तिकडं हे पुडिंग मांसाच्या आधी वाढायचे, रश्श्यात बुडवून. पोट आधी यानं भरलं की महागडं मांस थोडक्यात भागतं. घरात तोंडं जास्त आणि तुकडा एक. हे ऐकलं आणि काकू भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून उभ्या राहिल्या.

"अव, हे त आमच्या आजीचं! आम्ही चवदा लेकरं पंगतीले. गव्हाची पोई सनावाराले. आजी आंधी ज्वारीच्या कन्या वाढे, ताक घालून, वाटीभर. थे संपल्याबिगर पोईकडं हात नाही जाऊ दे. म्हने, कन्या खाल्ल्यानं आंगात ताकद येते. पोट भरलं की पोई अर्धीच जाये." मग थांबून म्हणाल्या, "ताकदीचं खोटं होतं थे. आम्हाले मोठं झाल्यावर समजलं."

गोऱ्यांच्या घरातही एखाद्या आजीनं ताकदीचं सांगितलंच असेल.

रश्श्याचा प्रश्न आमच्याकडं आपोआप सुटला. दिवस तुरीच्या शेंगांचे. मी हिरव्या सोल्यांची आमटी केली, सोले भाजून भरड वाटलेले, लसूण-मिरची सढळ. ती त्या खोलगट पुडिंगमध्ये ओतली. कडा कुरकुरीत राहतात, तळ आमटी पिऊन मऊ होतो. आमच्या ह्यांनी चार खाल्ल्या आणि मग विचारलं, भाकरी कुठाय. म्हणजे पोट आधी भरायची युक्ती आमच्या घरी चालत नाही.

पण काकूंना चैन पडेना. तीन रविवार राबल्या आणि तोंडात काही नाही. बिनअंड्याचं करून पाहा म्हणाल्या. पाहिलं, दही घालून. वीतभर भट्टी तापवून बोटभर जाडीचा खाकरा निघाला. अंडं नाही तर फुगलेलं धरून ठेवणारं कोणी नाही.

चौथ्या रविवारी तिकडं अंगणात धूर दिसला. चूल पेटलेली, वर जाड बुडाचं पातेलं, झाकणाच्या जागी परात आणि परातीत निखारे. काकूंच्या माहेरी, अकोल्याला, शेजारी कच्छी घर होतं. तिथला हांडवा त्यांना आठवला होता. तांदूळ-डाळींचं रवाळ पीठ आंबट दह्यात रात्रभर भिजवलेलं, दुधी किसून, वरून तीळ-मोहरीची फोडणी. हे फुगतं ते आंबवण्यानं, आणि चार इंचाची अट त्याला कोणी घातलेली नाही.

"वरून इस्तो, खालून इस्तो," काकू फुंकणी खाली ठेवत म्हणाल्या. "आपले रोडगे का वेगळे असते? थेही गवऱ्याच्या आरातच भाजते न. तुह्या त्या डब्ब्याले लाइन लागते. मायी चूल कोनाच्या बापाले भीत नाही."

खोबणीतून ताटली आली. वरची खरपूस, तिळाची साल पहिल्यांदा मोडून खाल्ली, आतला मऊ चौकोन मग. माझ्या तीन रविवारांपेक्षा हे चांगलं झालं होतं, आणि ते काकूंना माझ्या तोंडावरून समजलं, त्यामुळं मी बोलले नाही.

ताटली रिकामी कशी परत द्यायची? घरात होतं ते अंड्याचं. मी ओंजळभर तुरीच्या शेंगा ठेवल्या.

"काकू, उद्या चक्कीवर जान तवा सांगा, बेंडूक नव्हता म्हनून."

"सांगन न." त्यांनी शेंगा पदरात घेतल्या. "पन थे आता लोकायले गोड लागून रायलं. दोन दिस राहू दे."