चौथ्या बाजूचे काका

जुलैत लोणावळ्यात कोरडी राहणारी जागा एकच, काकांचं रेकॉर्डचं कपाट. आत चाळीसचा बल्ब रात्रंदिवस जळतो. काकूंच्या पैठणीला बुरशी लागली तर काका हळहळतात; ‘येस’च्या कव्हरला लागली तर जेवत नाहीत.

‘येस’ हा १९६८ साली लंडनमध्ये जमलेला प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. एका पक्षाला तो दिव्य वाटतो, दुसऱ्याला निव्वळ पाल्हाळ. काका तिसऱ्या पक्षाचे, आणि त्या पक्षात ते एकटेच. ‘फ्रजाइल’ काय, ‘क्लोज टू द एज’ काय, कुणालाही आवडतात, त्याला अक्कल कशाला लागते? रसिक ओळखावा तो समीक्षकांनी झोडपलेल्या अल्बमवरून, असं त्यांचं मत.

म्हणून पाहुण्यांना ऐकावा लागतो १९७३चा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. चार बाजू, चार गाणी, ऐंशी मिनिटं. गायक जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचली आणि श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र अशी एकेक बाजू वाटून टाकली. “आपल्याकडे पीएचडीवाले तळटीप वाचत नाहीत, आणि हा माणूस तिच्यावर डबल अल्बम काढतो!” कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ पासून याच गावात आहे, काका तिथे कधी फिरकलेले नाहीत. त्यांचा योग लंडनमार्गे आला. कीबोर्डवाला रिक वेकमन या गाण्यांना इतका कंटाळला, की मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने स्टेजवरच करी खाल्ली. काका म्हणतात, “बघा, भारतीय संस्कृतीचा केवढा प्रभाव!”

ऐकताना चिक्की खायला बंदी आहे. तुमच्या दाढेखालच्या शेंगदाण्यामुळे ख्रिस स्क्वायरचा बास बुडतो. आणलेली चिक्की काका हसून घेतात आणि डब्यात बंद करतात.

पण ते आंधळे भक्त नव्हेत. १९७८चा ‘टोर्माटो’ नापास, कारण कव्हर ‘येस’साठी तरंगते डोंगर रंगवणाऱ्या रॉजर डीनचं नाही. ते खिडकीतून ढगात तरंगणारा नागफणीचा सुळका दाखवतात. “हा रॉजर डीन! आणि त्यांनी छापला काय, तर फुटलेला टोमॅटो.” १९८०च्या ‘ड्रामा’त अँडरसन आणि वेकमन दोघेही नाहीत, ‘बगल्स’ या पॉप जोडीतले दोघे आले. इतरांनी सुतक पाळलं. काकांच्या मते नव्या सुनांनी घर चोख चालवलं. ‘९०१२५’मधलं एक गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, हाच त्याचा दोष. १९९१च्या ‘युनियन’ला खुद्द वेकमन ‘अनियन’ म्हणतो, ऐकून रडू येतं म्हणून. इथे काकाही गप्प होतात.

‘ड्रामा’बद्दल काकांचं शंभर टक्के बरोबर आहे. ‘टेल्स’च्या तिसऱ्या बाजूच्या शेवटी स्टीव्ह हाउची साधी गिटारही खरोखर सुंदर वाजते, फक्त तिथवर पोचेपर्यंत एखाद्याचा लोहगड चढून होतो.

त्यांच्याकडे जायचं असेल तर जरूर जा, पण जेवून जा. चौथी बाजू संपेपर्यंत काकूंना मिक्सर लावता येत नाही, त्यामुळे भज्यांबरोबर चटणी नसते.