काकांना नाटक कसं दाखवावं

मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर घालवावेत, असं 2013चा कंपनी कायदा सांगतो. कर्मचाऱ्यांचा शनिवार त्यात धरलेला नाही. तो एचआरच्या मेलने जातो. मेल आली की समजावं, एका दृष्टिहीन काकांना घेऊन आपल्याला हिंजवडीहून बालगंधर्वला 'संशयकल्लोळ'ला जायचंय.

आधी टी-शर्ट. छातीवर 'आम्ही तुमचे डोळे' असं ठसठशीत छापून घ्यावं. ज्यांच्यासाठी छापलं त्यांना ते वाचता येणार नाही, पण फोटोत छान येतं.

काका भेटताच ओरडून बोलावं. डोळे गेले म्हणजे कानही गेलेच असणार. 'बघा', 'दिसलं' हे शब्द गिळावेत, "काल मॅच बघितली का?" असं काकांनीच विचारलं तर खोकावं. चहाचं मात्र त्यांना विचारू नये, शेजारच्याला विचारावं, "यांना साखर चालते का हो?" मग त्यांचा दंड पकडून त्यांना गॅस सिलिंडरसारखं पुढे सरकवावं.

काही काका ऐकत नाहीत. हात सोडवून घेतात, उलट तुमचाच हात कोपराच्या वर धरतात आणि अर्धं पाऊल मागे राहतात. "तुम्ही नेहमीसारखे चाला. पायरी आली की वर का खाली, तेवढं सांगा." यात कोणी पडत नाही, पण सेवा केल्यासारखंही वाटत नाही. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात टेकवला की ते आपले आपण बसतात. तिथेही निराशाच.

तिसरी घंटा झाली की कानात समालोचन सुरू करावं. देवलांचं हे संगीत नाटक 1916चं, मूळ कल्पना मोलिएरची. सगळा घोळ अश्विनशेठच्या एका तसबिरीचा: रेवतीकडून ती पडते, कृत्तिकेला सापडते, तिचा नवरा फाल्गुनराव पाहतो आणि पेटतो. ज्याला दिसतं तोच फसतो, असं एकूण प्रकरण. ते रंगात येऊन सांगत असताना मागून 'शूऽऽ' येईल. काकाही कुजबुजतील, "पाठ आहे हो मला. अश्विनशेठचा अंगरखा कुठल्या रंगाचा, तेवढं सांगा."

इथे प्रथमच नीट बघावं लागतं. मोतिया? नाही, बिस्किटी? ठरेपर्यंत पद सुरू होतं आणि काका तुमच्या मनगटावर बोट ठेवून गप्प करतात. तेच बोट मग तुमच्या मनगटावर ताल धरतं.

मध्यंतरात बटाटावडा. बशी म्हणजे घड्याळ समजून, "वडा सहावर, चटणी दोनवर," असं सांगितलं की पुरतं. भरवायची गरज नसते. पाणी आणायला जाताना 'आलोच' म्हणावं. नाही म्हटलं, तर काका पाच मिनिटं खांबाला फाल्गुनरावाचा स्वभाव समजावून सांगतात आणि तुम्ही परतल्यावर पहिल्यापासून सुरुवात करतात.

परतीच्या बसमध्ये अभिप्रायाचे छापील कागद वाटावेत. ते कोण वाचणार, हे वाटून झाल्यावर लक्षात येतं. मग काका सांगतील ते आपणच लिहावं: "ऑर्गन उत्तम. वडा गार. शेजारचा मुलगा पहिल्या अंकात फार बोलतो. पुढच्या वेळीही तोच द्या, अंगरख्याचा रंग अजून यायचाय."