पेन्सिलीतले पूर्वज

नानांना लग्नाला बोलवावं की नाही, हा प्रश्न भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या मराठी घरांना दर हंगामात पडतो. माणूस वेळेवर येतो, आहेर चोख करतो. पण अक्षता पडेपर्यंत मुलाकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला कोपऱ्यात गाठून त्याच्या पणजोबांचं नाव आणि जमिनीचा खसरा नंबर विचारून झालेला असतो. "ग्वाल्हेरचे म्हणता, ठीक. पण कागद काय म्हणतो?" म्हाताऱ्याला वाटतं, या गृहस्थाचा आपल्या शेतावर डोळा आहे.

नानांचा डोळा आहे तो भोपाळच्या बोर्बोन घराण्यावर. निवृत्त झाल्यापासून त्यांची वंशावळ मांडणं चालू आहे. फ्रान्सच्या राजघराण्याशी नातं सांगणारं हे ख्रिस्ती कुटुंब. मूळपुरुष अकबराच्या दरबारी आला म्हणे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस एक शाखा भोपाळच्या नवाबांच्या आश्रयाला येऊन जहागीरदार झाली. 'म्हणे' ऐकलं की नाना चष्मा काढून पुसायला लागतात. "लोकांना थेट पॅरिसला जायचंय. मला आधी जहांगीराबादेपर्यंत पोचू दे!"

ते तरी सोपं आहे का? भोपाळचे मंत्री झालेले बाल्थाझार बोर्बोन दरबारात शहजाद मसीह म्हणून ओळखले जात. जॉन माल्कमच्या 1823 च्या मध्य भारतावरच्या ग्रंथातही ते भेटतात. त्यांचे वडील साल्व्हादोर, ते इनायत मसीह. एका माणसाची दोन नावं म्हणजे नानांच्या वहीत दोन खाती. ती जुळली की नाना त्या संध्याकाळी न्यू मार्केटातून जिलबी घेऊन घरी येतात, आणि काकू न विचारताच ओळखतात, की कुणीतरी कुणाचातरी मुलगा निघाला.

जुन्या संस्थानाची दप्तरं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इथल्या कार्यालयात आहेत. नाना तिथे डबा घेऊन जातात. सनदा फारसीत, त्याही घाईच्या शिकस्ता वळणाच्या. लिहिणाऱ्यानं नुक्ते गाळले, की ब, त आणि न यांचा दात सारखाच, आणि 'बोर्बोन'मध्ये तसले दात दोन. नाना भिंग धरून श्वास रोखतात. कारण श्वास सोडला तर कागदाचा तुकडा उडेल. त्यात तारखा हिजरी. ते वर्ष आपल्यापेक्षा साधारण 11 दिवसांनी आखूड, म्हणजे शतकाला तीन वर्षांचा फरक. एकदा नानांच्या वहीत मुलगा बापाआधी जन्मला. तो हिशोब सुटेपर्यंत घरात टीव्ही बंद होता.

बाल्थाझारच्या पत्नी दुल्हन साहेबांचा विषय निघाला की मात्र आवाज हळू होतो. भोपाळच्या बेगमांच्या राज्यात जहागीर सांभाळणारी ही बाई नानांना मनापासून आवडते. काकू म्हणतात, "माझ्या माहेरचं गाव विचारा बरं त्यांना."

नानांचा नियम एकच. कागद असेल तर शाई, नसेल तर पेन्सिल. त्यामुळे अकबराच्या दरबारातला तो फ्रेंच राजपुत्र बिचारा अजून पेन्सिलीतच आहे. पाहुणे कुरकुरतात, एवढी रंगतदार गोष्ट आणि तुम्ही ती खोडरबराच्या हाती देता! नाना म्हणतात, "खोडली कुठे? थांबवून ठेवलीय."

इथवर सगळं ठीक होतं. मग पुण्याहून चुलतभावानं कुलवृत्तांताचा तक्ता भरायला पाठवला. नानांनी स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं नाव शाईनं लिहिलं. पुढे कोकणातून घाट चढून आलेले पणजोबा. त्यांची काठी घरात आहे, त्यांच्या नावाचा नैवेद्य होतो, पण कागद नाही. नानांनी पेन्सिल उचलली.

तक्ता पुण्याला पोचला आणि त्याच रात्री थोरल्या अक्काचा फोन. पणजोबांवरून यथेच्छ बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि मला रे? मला तरी शाईनं लिहिलंयस ना?"

"तुझा जन्मदाखला पाठव," नाना म्हणाले.